पहिल्या नावाचा नियम

थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी मी पिंपळगाव बसवंतला होते. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या, आणि नाव काय ठेवायचं यावर लेकीच्या घरी तीन पक्ष पडले होते. तेवढ्यात नाशिकहून येणाऱ्या मोटारीवरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, नाशकाला लगेच निघा. तुमच्या जाऊबाईंचं लय जास्त हाय." मी निघाले तशी निघाले. पण मोटार ओझरला तासभर अडली, आणि मी भद्रकालीजवळच्या आमच्या घरी पोचले तेव्हा तिला नेलेलं होतं. खोलीत पिठावर ठेवलेला दिवा होता आणि तिचा चष्मा होता. विषमज्वराचं निमित्त झालं, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवस तापात होती, पण मला कळवू दिलं नाही. बारसं होऊन जाऊ द्या, म्हणाली होती.

पाचव्या दिवशी गावच्या साप्ताहिकात बातमी आली. 'गं. भा. यमुनाबाई जोशी यांस देवाज्ञा. त्या शांत, सोशिक व मनमिळाऊ होत्या.' मी ती दोनदा वाचली आणि मला रडू यायचं ते राहून संताप आला. ती शांत नव्हती, सोशिक तर अजिबात नव्हती, आणि मनमिळाऊ म्हणाल तर गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांशी तिचं पटत नव्हतं. ही तीन विशेषणं निदान खोटी तरी आहेत, खोट्याला उत्तर देता येतं. पण ती सुरुवातीची दोन अक्षरं... नवरा गेला की बाईला गंगाभागीरथी म्हणायचं. म्हणजे पत्राच्या पाकिटावर, हजेरीपटात, लग्नपत्रिकेत, जिथे तिथे वाचणाऱ्याला आधी कळायला हवं की हिचा नवरा मेला आहे, आणि मग तिचं नाव. ती अक्षरं तिने स्वतः वीस वर्षांत एकदाही लिहिली नाहीत. मेल्यावर पाच दिवसांत तिला ती लावली. हा लेख त्यासाठी लिहिते आहे. ज्यांना शांत आणि सोशिक बाईची आठवण काढायची असेल त्यांनी इथेच पान उलटावं.

ती माझी थोरली जाऊ. 'जावाजावा उभा दावा' अशी म्हण आहे, आणि पहिली चार वर्षं आम्ही ती इमानाने पाळली. मी या घरात आले तेव्हा ती स्वयंपाकघराची मालकीण होती. माझ्या हातची आमटी तिला पाणचट वाटे आणि तिचा शिस्तीचा कारभार मला जाच वाटे. मग मानमोडीची साथ आली. तीन दिवसांत थोरले भावजी गेले. दहाव्याला न्हावी ओट्यावर येऊन बसला, तेव्हा हिने आतून कडी लावून घेतली आणि दोन दिवस उघडली नाही. बाहेर सासूबाई, दोन आत्या, भटजी, सगळे समजावून दमले. खिडकीच्या फटीतून पाण्याचा तांब्या मी दिला, हे आज पहिल्यांदा सांगते. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, राहू दे केस, पोर मरेल आत. कडी उघडून बाहेर आली ती थेट चुलीपाशी गेली आणि म्हणाली, आमटी कोणी केली, पाणचट आहे. त्या दिवसापासून आमचा दावा संपला.

पुढे पुण्याला जाऊन ती मास्तरीण झाली आणि गावातल्या मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवू लागली. बेडूक, बी-बियाणं, चंद्राच्या कला, सगळं. एके वर्षी तिच्या डोक्यात वानरांचं खूळ शिरलं. देवळाली कॅम्पातला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना पुस्तकं कवडीमोलाने विकून गेला, त्यातली प्राण्यांवरची दोन जाड पुस्तकं ती घेऊन आली. एक जुनं, एक त्यामानाने नवं. दोन्हींत माणसाला सगळ्यांत जवळचे असे चार प्राणी दिले होते: गोरिला, चिंपांझी, ओरांग-उटान आणि गिबन. चौघेही शेपूट नसलेले. चित्रं तीच, प्राणी तेच, पण नावं जुळेनात. जुन्या पुस्तकात या मंडळींच्या कुळाचं नाव एक, नव्यात दुसरंच. जुन्यात चिंपांझीचं शास्त्रीय नाव एक, नव्यात भलतंच. तिला आधी वाटलं छापणाऱ्याने घोळ घातला. मग महिनाभर डोकं घालून तिने त्या भानगडीचा छडा लावला, आणि मला पोळ्या लाटताना एकेक प्रकरण ऐकावं लागलं.

प्रकरण असं होतं. चिंपांझीला पूर्वी ट्रॉग्लोडाइट्स म्हणत. अर्थ गुहेत राहणारा. आता चिंपांझी बिचारा गुहेत कधी राहिला? गुहेत आमच्या पांडवलेण्यातली वटवाघळं राहतात. पण ते असो, नाव पडलं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की हेच नाव त्याआधी काही वर्षं एका पक्ष्याला देऊन झालं आहे. कुंपणाकुंपणातून शेपटी वर करून नाचणारा, मुठीत मावेल एवढा विलायती पक्षी. आणि शास्त्राचा नियम असा की एक नाव दोघांना नाही, आणि ज्याला आधी दिलं त्याचंच ते. झालं. एवढा मोठा चिंपांझी, त्याचं नाव एका चिमणीएवढ्या पाखराने काढून घेतलं. मग त्याला एक लांबलचक नाव दिलं, तेही टिकलं नाही, आता त्याला नुसतं 'पॅन' म्हणतात. ओरांग-उटानाची तर याहून कठीण गत. त्याचं जुनं नाव 'सिमिया' कुणी त्याला लावी, कुणी चिंपांझीला, कुणी आणखी तिसऱ्याच माकडाला. शेवटी जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या मंडळाने ते नावच रद्द करून टाकलं, आणि त्याबरोबर त्यावरून पडलेलं सगळ्या कुळाचं नावही गेलं.

"म्हणजे मंडळाने म्हटलं की चूक झाली, की चूक दुरुस्त?" मी विचारलं.

"हो. दीडशे वर्षं चालत आलेलं नावसुद्धा," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी लाटणं थांबवून तिच्याकडे बघितलं. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं.

तिने ठरवलं की मुलींसाठी या चार प्राण्यांचा मोठा तक्ता करायचा. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांनी चित्रं काढून दिली, नावं आणि माहिती हिने सुवाच्य अक्षरात लिहायची. अडलं ते मथळ्यापाशी. इंग्रजीत या बिनशेपटीच्या मंडळींसाठी वेगळा शब्द आहे, मराठीत नाही. आपल्याकडे काळ्या तोंडाचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड, आणि दोघांनाही हातभर शेपूट. अंजनेरीच्या पायथ्याशी आयुष्य काढलेल्या माणसांना बिनशेपटीचं वानर म्हणजे मारुतीची टवाळीच वाटणार. दोन दिवस ती शब्द शोधत होती. शेवटी मीच तिला म्हटलं, एवढं काय अडलंय, शेपूट तुटलेल्या बैलाला लांडा म्हणतो ना आपण, मग 'लांडे वानर' म्हण. तिने टाळी वाजवली. संस्कृताचा वास नाही, शेतकऱ्याच्या पोरीलाही कळेल, आणि नेमका अर्थ. तिने ठळक अक्षरांत मथळा लिहिला आणि तक्ता कापडावर चढवायला चौक मंडईतल्या इस्माईलभाईंकडे दिला.

इस्माईलभाई पुस्तकं बांधायचे. खळ लावून कागद मांजरपाटावर असा बसवायचे की एक सुरकुती पडायची नाही. शाळेचं सगळं काम त्यांच्याकडेच. मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे बांधायला आलेलं पुस्तक आधी वाचून काढायचे. आठवड्याने आम्ही दोघी तक्ता आणायला गेलो. काम नेहमीसारखंच चोख होतं, वर-खाली गोल काठ्या लावलेल्या. पण रोज दोन गोष्टी बोलणारा माणूस गप्प होता. हिने विचारलं, तब्येत बरी आहे ना? ते तक्ता गुंडाळत राहिले. मग म्हणाले:

"बाई, काम करून दिलं. शब्द गलत आहे असं मी म्हणत नाही. लांड्या बैलाला आम्ही पण लांडाच म्हणतो. पण गल्लीत भांडण झालं की हा शब्द आम्हाला मारतात. माझी नात तुमच्याच वर्गात बसते. बाकीच्या पोरी तक्ता वाचतील आन् तिच्याकडं बघतील."

मला वाटलं जमीन फाटावी. तो शब्द मला दोन्ही अर्थांनी ठाऊक होता, तिलाही होता, गावात कुणाला नव्हता? पण एक अर्थ गोठ्यातला आणि एक गल्लीतला, आणि दोन्ही एकाच शब्दात राहतात हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. येण्याची गरज नव्हती, कारण तो शब्द आम्हाला कुणी मारत नव्हतं. ती तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली. म्हणाली, "इस्माईलभाई, चूक माझी आहे. आत्ता बदलू." त्यांच्याकडूनच कागदाची पट्टी मागून घेतली, त्यांच्याच दौतीत टाक बुडवून 'बिनशेपटे वानर' लिहिलं, आणि पट्टी त्यांनी स्वतः खळ लावून जुन्या मथळ्यावर बसवली. चूक माझी, असं ती म्हणाली. शब्द माझा होता. तिने ते कधीच कुणाला सांगितलं नाही, इस्माईलभाईंना तर नाहीच. गेल्या वर्षी तेही गेले. आता निदान इथे लिहिते की शब्द माझा होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या पडवीत आम्ही गहू निवडत बसलो होतो, तेव्हा तिने एकदम विचारलं, "तुझं बारशाचं नाव काय गं?"

मला क्षणभर कळलंच नाही. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, पण हा प्रश्न तिने मला किंवा मी तिला विचारला नव्हता. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नव्या बायकोचं नाव लिहितो, आणि त्या क्षणी जुनी मुलगी संपते. सासरी कुणी विचारत नाही, माहेरी हळूहळू विसरतात. मी म्हटलं, ठकू. ती हसली. म्हणाली, मी वेणू. मी म्हटलं, वेणू बरं आहे, ठकू म्हणजे काय, ठकवणारी. ती म्हणाली, मग बरोबरच आहे, सासूबाईंना चोरून तांब्या देणारी.

आणि मग गव्हाचं सूप बाजूला ठेवून तिने मला पुन्हा वानरं शिकवली. प्राण्याचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या प्राण्याचा स्वतःचा. अभ्यास वाढला की आडनाव बदलू शकतं. गोरिलाला आधी चिंपांझीच्याच घरात घातलं होतं, पुढे तो वेगळा आहे हे कळलं आणि त्याचं घर निराळं मांडलं. पण दुसरा शब्द, पहिल्या वेळी रीतसर दिलेला, तो हलवायचा नाही. घर बदललं तरी तो बरोबर जातो. "मला वेणू हे नाव माझ्या आजीने बाराव्या दिवशी चार बायकांसमोर ठेवलं," ती म्हणाली. "रीतसर. जोशी झाले, त्याला माझी हरकत नाही. पण वेणू कुणी रद्द केलं? कुठल्या मंडळाने?"

मी म्हटलं, भावजींनी तांदळात यमुना लिहिलं ना. ती म्हणाली, "ते लिहिलं त्यांच्या काकांनी सांगितलं म्हणून. त्यांनी मला एकदाही यमुना म्हटलं नाही. 'अगं' म्हणायचे. ज्याने दिलं त्यानेच वापरलं नाही, ते कसलं नाव?" हे बोलताना तिचे डोळे भरले होते. नवऱ्यावर तिचा जीव होता, हे ती गेल्यावर तरी लोकांना कळू दे. गंगाभागीरथी लावून घेत नव्हती म्हणजे नवऱ्याला विसरली, असं मानणारे आमच्या नात्यात पुष्कळ होते.

दुसऱ्या दिवशी तिने तक्त्याच्या तळाला लिहिलं, 'तक्ता केला: वेणू जोशी'. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तो मोठ्या दालनात लागला. मुली त्याच्यापुढून हलेनात. संस्थेचे चिटणीस आले, चष्मा वर करून वरपासून खालपर्यंत वाचत गेले. वानरांबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं, ते तळाशी अडले. वेणू जोशी कोण, म्हणून विचारलं. ती म्हणाली, मी. ते म्हणाले, हजेरीपटात गं. भा. यमुनाबाई आहे. ती म्हणाली, ते तुम्ही लिहिलंय. मी शेजारीच होते.

चिटणीस दुष्ट नव्हते. उलट त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, विधवेने नाव बदललं की लोक समजतात हिने पुन्हा लग्न केलं, उद्या पालक मुलींना शाळेतून काढतील. तेव्हा गं. भा. यमुनाबाई असं लिहा, नाहीतर तक्ता उतरवा. आणि हट्टच करायचा असेल तर तुमच्या नोकरीचं समितीपुढे ठेवावं लागेल. त्या नोकरीवर तिचं काय अवलंबून होतं हे मला ठाऊक होतं. शाळा नसती तर तिला या घरात पुन्हा एका कोपऱ्यात बसावं लागलं असतं, कुणी दुष्ट नसतानाही. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, कचेरीत कारकून. त्यांनी दूरवरून मला खूण केली की तिला गप्प कर. मी काही केलं नाही. तिने शिवणाच्या वर्गातून कात्री मागवली, तिच्या टोकाने तळाची कागदी पट्टी नावासकट खालच्या कापडावरून सरळ कापून काढली, आणि म्हणाली, "नावाशिवाय चालेल. चुकीच्या नावाने चालणार नाही."

चिटणिसांना वाटलं मिटलं. ह्यांना वाटलं मिटलं. मला मात्र इतका राग आला की घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही, आणि घरी आल्यावर फार बोलले. म्हटलं, एवढे नियम शिकवलेस, आणि चिमणीएवढ्या माणसाने नाव काढून घेतलं. माझ्या तोंडची ती वाक्यं मला अजून टोचतात. माणूस हरलं की नाही हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढं शहाणपण मला त्या वयात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डबा विसरून गेली, मी तो घेऊन शाळेत गेले आणि वर्गाच्या दाराशी थांबले. ती मुलींना गोरिला हा शब्द कुठून आला ते सांगत होती. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका जुन्या शहराचा दर्यावर्दी आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं घेऊन गेला. एका बेटावर त्याला अंगभर केस असलेली माणसं दिसली, त्यांत बायका जास्त. बरोबरच्या दुभाष्यांनी त्यांना गोरिला म्हटलं. पुरुष कडे चढून निसटले. तीन बायका सापडल्या. त्यांनी धरणाऱ्यांना चावे घेतले, ओरबाडलं, चालायला नकार दिला, म्हणून त्यांना मारून त्यांची कातडी सोलून नेली. त्या कोण होत्या, माणसं की वानरं, कुणाला ठाऊक नाही. पुढे कित्येक शतकांनी आफ्रिकेतल्या या मोठ्या प्राण्याला नाव हवं होतं, तेव्हा त्या बायकांचं नाव उचलून त्याला दिलं. एका मुलीने विचारलं, त्या चावल्या कशाला, गप गेल्या असत्या तर जगल्या असत्या.

"कदाचित जगल्या असत्या," ती म्हणाली. "पण मग त्यांचं नाव आज आपल्याला कळलं नसतं. लिहून घ्या."

मी डबा उंबऱ्यात ठेवला आणि परत आले. त्या दिवसानंतर मी तिला हरलीस म्हटलं नाही.

पुढची सात वर्षं तक्ता बिननावाचा भिंतीवर राहिला आणि तिने आपली खोड सोडली नाही, उलट वाढवली. तिच्या हाताखालच्या मुलींची लग्नं होत, तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सुटे. ती त्यांना पत्रं लिही, आणि पाकिटावर मुलीचं बारशाचं नाव घाली. विंचूरला दिलेल्या एका मुलीचं पत्र परत आलं, वर पोस्टाचा शेरा, 'या नावाचे कोणी येथे राहत नाही'. ती मुलगी त्याच घरात विहिरीवर पाणी ओढत होती. शास्त्राच्या पुस्तकात प्राण्याच्या खऱ्या नावाखाली त्याची टाकून दिलेली नावं बारीक अक्षरांत देतात, ओळख पटावी म्हणून. तिने ती युक्ती उचलली. आधी ठळक 'मथू', आणि खाली बारीक, 'सासरी जानकी'. पत्रं पोचू लागली. काही सासवांनी ती फाडली. एका सासऱ्याने घरी येऊन तमाशा केला, तेव्हा ह्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि नंतर आम्हाला म्हणाले, तुम्ही दोघी मला गावात राहू देणार नाही. पण पाकिटांवर तिकिटं लावायला तेच बसत.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या आठवड्यात शाळेत तिची शोकसभा झाली. तिच्या वर्गातच. भाषणं झाली, शांत आणि सोशिक पुन्हा ऐकलं. मग चिटणीस म्हणाले की बाईंची स्मृती म्हणून संस्थेने त्यांच्या तक्त्यावर त्यांचं नाव लावलं आहे. मी वर बघितलं. तिने कात्रीने कापलेल्या जागी छापील पट्टी चिकटवली होती, 'कै. गं. भा. यमुनाबाई जोशी यांनी केलेला तक्ता'. सात वर्षं जी जागा तिने रिकामी राखली, ती भरायला तिच्या मरणाची वाट बघितली. घरच्यांच्या वतीने मी दोन शब्द बोलायचे होते. मी उठले. वक्त्यांसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला, तक्त्यापाशी गेले, पदराचं टोक भिजवलं आणि ती पट्टी घासू लागले. खळ ताजी होती. इस्माईलभाईंनी लावली असती तर निघाली नसती, पण हे काम कुणा नवख्याचं होतं, तिला चढायला वेळ लागला नाही आणि उतरायलाही नाही.

चिटणीस म्हणाले, वहिनी, हे काय चालवलंय? मी म्हटलं, दुरुस्ती. मग दौत-टाक मागितला. कुणी हलेना. तक्ता भिंतीवर हलत होता, एका हाताने धरून दुसऱ्याने लिहिता येईना. पहिल्या रांगेतून हे उठले. मला वाटलं, आता दंडाला धरून बाहेर नेणार. त्यांनी आपल्या कोटाच्या खिशातलं फाउंटन पेन काढलं, टोपण उघडून माझ्या हातात दिलं, आणि तक्त्याची खालची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. मी लिहिलं, 'वेणू जोशी'. ओल्या कापडावर शाई जरा फुटली. अक्षर तिच्यासारखं नाही, पण वाचता येतं.

तो तक्ता आज भिंतीवर आहे की उतरवला, मला ठाऊक नाही. उतरवला असेल तर मागायला जाईन. त्यावर पुन्हा पट्टी चिकटवली तर पुन्हा धुऊन काढीन. आमच्या गावात गोदावरीला गंगाच म्हणतात, तिचं 'गं. भा.' धुवायला गंगेचंच पाणी आहे, आणि ते आटत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही. त्या गव्हाच्या दुपारपासून ती मला घरात ठकू म्हणायची. सकाळी चहा झाला की मागच्या पडवीतून हाक यायची, आणि चाळिशीला आलेली, नातवंडं झालेली मी, 'आले' म्हणत जायचे. माझे आई-वडील केव्हाच गेले, भाऊ मला अक्का म्हणतो, हे मला अगं म्हणतात. आता ठकू म्हणणारं या जगात कुणीही उरलेलं नाही. सकाळी चहा उकळतो आणि मी कान देऊन उभी राहते... हे दुःख आहे, आणि ते मी लपवत नाही.

संपादकांनी कळवलं आहे की बायकांच्या लेखाखाली नावाआधी 'सौ.' घालायची त्यांची पद्धत आहे. माझे यजमान सुखरूप आहेत, त्याची जाहिरात करण्याची गरज नाही. तांदळात लिहिलेलं नावही नको. लेख छापायचा नसेल तर परत पाठवा, पण खालच्या नावाला हात लावू नका.

ठकू जोशी